पृथ्वीविज्ञानात एम.एस्सी. आणि पीएच.डी.: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूशास्त्र, भूभौतिकी, भूरसायन, जलभूविज्ञान, हवामान, समुद्रविज्ञान यांपैकी कशात तरी पदवीनंतर पुढे शिकायचे ठरवलेले विद्यार्थी जे प्रश्न हटकून विचारतात, त्यांची ही उत्तरे. विद्यापीठागणिक नियम बदलतात, त्यामुळे शेवटचा शब्द त्या त्या विभागाच्या माहितीपत्रकाचा. माहितीपत्रकात जे छापलेले नसते आणि पुढे जड जाते, त्यावर इथे जास्त लिहिले आहे.

एम.एस्सी., एम.टेक., एम.एस., एम.रेस. (मास्टर ऑफ रिसर्च) यांतले काय घ्यायचे?

नावावर जाऊ नका, बांधणी बघा. मुख्य प्रकार दोनच: प्रबंध लिहून मिळणारी पदवी, आणि विषय पास होऊन, जोडीला एखादा छोटा प्रकल्प करून मिळणारी पदवी. भारतात एम.एस्सी. सहसा दोन वर्षांची असते आणि डेझर्टेशन शेवटच्या टप्प्यात येते. ब्रिटनमध्ये बहुतेक एम.एस्सी. एका वर्षात उरकतात. युरोपात १९९९च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर हिशेब ईसीटीएस (युरोपची सामाईक पद्धत) क्रेडिटांत होतो. पूर्णवेळ एक वर्ष म्हणजे ६० क्रेडिट, त्यामुळे दोन वर्षांची पदवी १२० क्रेडिटची. अमेरिकेत साधारण ३० सत्र-क्रेडिट आणि दोन वर्षे धरून चाला. तिथे बी.एस.नंतर थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो, मधली पदवी हवीच असे नाही.

एका वर्षाची पदवी दिसते तितकी स्वस्तात पडत नाही. वर्ष वाचते, पण उपकरणावर हात बसेपर्यंत पदवी संपलेली असते. पुढे संशोधन करायचे असेल तर दोन वर्षांची, प्रबंध असलेली पदवी घ्या. आधीच नोकरीत असाल आणि बढतीसाठी पदवी हवी असेल तर उलट सल्ला.

बी.एस्सी.ला भूशास्त्र नव्हते. प्रवेश मिळेल का?

शाखा कोणती यावर आहे. भौतिकशास्त्र-गणितवाल्यांना भूभौतिकी, भूकंपशास्त्र, हवामानशास्त्र यांची दारे उघडी असतात. रसायनवाले भूरसायनाकडे वळतात, जीवशास्त्रवाले जीवाश्मांकडे, स्थापत्य अभियंते अभियांत्रिकी भूशास्त्र आणि भूजलाकडे. शुद्ध भूशास्त्राच्या एम.एस्सी.साठी मात्र भारतात बहुतेक ठिकाणी बी.एस्सी.त भूशास्त्र हा विषय असावा अशी अट असते, आणि ती सहसा वाकत नाही.

परदेशातले विभाग इथे बरेच सैल असतात. ते प्रवेश देतात आणि सोबत राहून गेलेल्या विषयांची यादी हातात ठेवतात: खनिजशास्त्र, खडकशास्त्र, संरचनात्मक भूशास्त्र, स्तरविज्ञान, कधी फील्ड कॅम्पसुद्धा. हे विषय पदवीच्या क्रेडिटांत बहुधा धरले जात नाहीत. म्हणजे दोन वर्षांची पदवी अडीच वर्षांवर जाऊ शकते आणि शेवटच्या सत्राचा पैसा कोण देणार हा प्रश्न उभा राहतो. प्रवेशपत्र हाती आले की ती यादी लेखी मागून घ्या.

बाहेरून आलेल्यांचा या शास्त्रातला इतिहास मोठा आहे. खंड सरकतात हे १९१२ मध्ये मांडणाऱ्या आल्फ्रेड वेगेनरची डॉक्टरेट खगोलशास्त्रातली. पृथ्वीच्या गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे हे १९३६ मध्ये भूकंपलहरींवरून ओळखणाऱ्या इंगे लेमान मूळच्या गणिताच्या. अर्जात ही नावे टाकू नका, समितीला ती पाठ असतात.

गणित किती लागते?

तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त. गणित नको म्हणून भूशास्त्र घेतलेले विद्यार्थी दरवर्षी भेटतात आणि दुसऱ्या सत्रात गणित त्यांना गाठतेच.

भूभौतिकीत फूरिये रूपांतर, अवकल समीकरणे आणि रेषीय बीजगणित यांशिवाय पान हलत नाही. भूजलाचा अभ्यास १८५६ साली आन्री दार्सीने मांडलेल्या, सच्छिद्र थरांतून पाणी किती झिरपते हे सांगणाऱ्या नियमापासून सुरू होतो. तो नियम एका ओळीचा आहे, पण विहिरीभोवती पाण्याची पातळी कशी खाली जाते हे काढायला कलनशास्त्र लागते. खडकाचे वय काढणारी आयसोक्रोन म्हणजे आलेखावरची एक सरळ रेघ. रेघेच्या चढावरून वय निघते, आणि चढ किती खात्रीचा यावरून वयापुढचे ‘अधिक-उणे’ ठरते. तो अधिक-उणेचा आकडा समजावून सांगता आला नाही तर परीक्षक वयाकडे बघतही नाहीत. जीवाश्म घेतले म्हणून सुटका नाही, तिथे संख्याशास्त्र आहे.

पायथन किंवा आर यांपैकी एक संगणकभाषा आणि क्यूजीआयएससारखे एक नकाशा-सॉफ्टवेअर प्रवेशाआधीच हाताखालून गेलेले बरे. दोन्ही फुकट आहेत.

प्रवेशपरीक्षा कोणत्या?

भारतात एम.एस्सी.साठी आयआयटी आणि इतर काही संस्था ‘जॅम’चा भूशास्त्र पेपर बघतात, राज्य विद्यापीठांच्या स्वतःच्या परीक्षा असतात. एम.टेक.ला गेट. त्यात भूशास्त्र आणि भूभौतिकीचा पेपर एकच, एक भाग सर्वांना समान आणि पुढे दोहोंपैकी एक निवडायचा. गेटचा स्कोअर तीन वर्षे चालतो. पीएच.डी.च्या फेलोशिपसाठी सीएसआयआर-नेट, आणि तिथे विषयाचा आवाका मोठा आहे: पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान सगळे एकाच छत्राखाली.

अमेरिकेतल्या बऱ्याच भूविज्ञान विभागांनी गेल्या काही वर्षांत जीआरईची अट काढून टाकली आहे. अर्ज भरण्यापूर्वी विभागाचे पान आणि विद्यापीठाच्या पदव्युत्तर कार्यालयाचे पान अशी दोन्ही तपासा, कारण दोघांत कधी कधी मेळ नसतो. टोफेल आणि आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षेच चालतात.

फील्डवर्क सक्तीचे असते का?

भूशास्त्रात जवळजवळ सगळीकडे. भूभौतिकीत कमी, हवामान-समुद्रविज्ञानात त्याची जागा जहाजावरच्या फेऱ्या किंवा निरीक्षण मोहिमा घेतात. अमेरिकेत फील्ड कॅम्प साधारण पाच-सहा आठवड्यांचा असतो आणि अनेक एम.एस. अभ्यासक्रम तो आधीच झालेला असावा असे गृहीत धरतात.

फील्ड म्हणजे सहल आणि नमुने गोळा करणे, असा समज असेल तर नकाशा काढायचा दिवस कसा जातो ते ऐका. हातात स्थळनकाशा, होकायंत्र आणि नतिमापक एकत्र असलेले ब्रंटन, हातोडा, दहापट मोठे दाखवणारे भिंग, विरल हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटली. उघडा पडलेला खडक दिसला की आधी जागा नक्की करायची, मग खडक ओळखायचा, थराचा स्ट्राइक (थर कोणत्या दिशेने पसरला आहे) आणि डिप (तो किती कलला आहे) मोजायचा आणि तिथल्या तिथे वहीत पेन्सिलने नोंदवायचा. नमुना घेतला तर दगडावर, पिशवीवर आणि वहीत एकच क्रमांक. दोन खडकांची हद्द डोळ्यांना दिसली तर नकाशावर सलग रेघ. मातीखाली गेली पण अंदाज बांधता येतो, तर तुटक रेघ. नुसती कल्पना असेल तर तिथे प्रश्नचिन्ह. संध्याकाळी दिवे लागले की त्या रेघांवर शाई फिरवायची आणि उद्या कोणत्या ओढ्यात उतरल्यावर तुटक रेघ सलग होईल ते ठरवायचे.

व्हायवात (तोंडी परीक्षेत) परीक्षक बोट ठेवतात ते नेमके सलग रेघेवर. “इथे हद्द बघितली होती का?” या प्रश्नाला वहीतले पान उघडून दाखवता आले पाहिजे. सगळा नकाशा सलग रेघांचा असेल तर तो खोलीत बसून पूर्ण केला हे अनुभवी माणसाला दुरून कळते.

डोंगर चढणे शक्य नाही, किंवा रंग नीट ओळखता येत नाहीत. मग हे क्षेत्र बंद?

मुळीच नाही. पण अर्जाच्या वेळीच विभागाशी बोला, फील्डच्या आदल्या आठवड्यात नको. रस्त्यालगतचे कटिंग, ड्रिलिंगचे गाभे, उपग्रहचित्रे, ड्रोनने घेतलेली त्रिमितीय दृश्ये यांवर पर्यायी फील्डवर्क बांधता येते. रंगांधत्वाचा अडसर सूक्ष्मदर्शकाखाली आणि रंगीत नकाशांत जाणवतो. खनिजे ओळखायला आकार, विभाजन, उठाव, विलोपन कोन अशा रंगापलीकडच्या खुणाही असतात, आणि भूकंपशास्त्र किंवा प्रतिमानांच्या कामात ही अडचण फारशी येतच नाही.

प्रयोगशाळेचे काम आधी आलेच पाहिजे का?

यायला हवे असे नाही, धीर मात्र हवा. थिन सेक्शनचेच घ्या. खडकाची चकती काचेवर चिकटवून ०.०३ मिलिमीटर जाडीची होईपर्यंत घासायची. जाडी मोजायला पट्टी लागत नाही, क्वार्ट्ज सांगते. सूक्ष्मदर्शकातले दोन ध्रुवक (प्रकाश गाळणाऱ्या गाळण्या) एकमेकांना काटकोनात ठेवून बघताना क्वार्ट्ज पिवळसर दिसले तर चकती अजून जाड आहे, करडे-पांढरे झाले की हात थांबवायचा. चार फिरक्या जास्त झाल्या तर चकती नाहीशी होते आणि नमुना एकच असेल तर परत फील्डला जावे लागते. अनेक विभागांत हे काम तंत्रज्ञ करतात. तरीही पहिल्या दहा-वीस चकत्या स्वतः घासा. पुढे जे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे आहे, त्यातले खरे काय आणि घासताना पडलेला ओरखडा कोणता, हे त्याशिवाय कळत नाही.

पीएच.डी.तही कोर्सवर्क आणि परीक्षा असते?

असते. भारतात यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार किमान १२ क्रेडिटचे कोर्सवर्क, त्यात संशोधन आणि प्रकाशन नीतीचा विषय. दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची. मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षे, शिवाय पुनर्नोंदणीची सोय. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पास झालेल्यांना एम.एस्सी.शिवायही अर्ज करता येतो. येतो म्हणून करावाच असे नाही. एम.एस्सी.ची दोन वर्षे ही या क्षेत्रात विषय बदलण्याची शेवटची स्वस्त संधी आहे.

अमेरिकेत पहिली दोन वर्षे विषय, मग क्वालिफायिंग परीक्षा. ती बहुतेक ठिकाणी लेखी प्रस्ताव आणि तोंडी परीक्षा अशी असते. काही विभाग दोन वेगवेगळ्या विषयांवर दोन प्रस्ताव मागतात. विद्यार्थी फक्त गाइडच्या प्रकल्पात रुळला आहे की स्वतः प्रश्न विचारू शकतो, हे त्यातून कळते. ब्रिटनमध्ये कोर्सवर्क नावापुरते, पहिल्या वर्षाअखेरीस अहवाल आणि मुलाखत.

संशोधनाचा विषय कसा ठरवायचा?

खरी अट हीच, बाकीच्या कागदावरच्या. विषय गोंडस आहे का हे नंतर बघा. आधी नमुने कुठून येणार ते विचारा. ते गाइडच्या कपाटात आहेत, खाणीच्या गोदामात आहेत, की अजून डोंगरात? डोंगरात असतील तर परवानगी कोणाची? अभयारण्य, लष्करी हद्द, जीवाश्म गोळा करण्यावरची बंदी, नमुने देशाबाहेर नेण्याचे नियम यांत वर्ष सहज जाते. मग ऋतू. बर्फात दोन-तीन महिनेच काम होत असेल आणि पहिला हंगाम हुकला तर पुढचा थेट वर्षाने. त्यानंतर उपकरण: मास स्पेक्ट्रोमीटर (नमुन्यातले अणू वस्तुमानानुसार मोजणारे यंत्र) स्वतःच्या विभागात आहे की दुसऱ्या शहरात रांग लावायची? या प्रश्नांना गाइडकडे तयार उत्तरे असतील तर विषय पक्का. “बघू, होईल काहीतरी” असे आले तर दुसरा विषय मागा.

सोपा दिसणारा विषय किती लांबू शकतो याचे प्रसिद्ध उदाहरण क्लेअर पॅटरसनचे. शिकागो विद्यापीठात झिरकॉन या खनिजाच्या बारीक कणांतले शिसे मोजायचे काम त्याला मिळाले. मार्गदर्शक हॅरिसन ब्राउनच्या मते काम सोपे होते. पण मोजणी दर वेळी अपेक्षेपेक्षा वरच निघे, कारण हवेत, भांड्यांत, रसायनांत, सगळीकडे शिसे होते. पॅटरसनने प्रयोगशाळा साफ करण्यातच उमेद खर्च केली. डॉक्टरेट १९५१ मध्ये झाली. तीच सफाईची शिस्त पुढे उल्कापाषाणांवर वापरून त्याने १९५६ मध्ये पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे छापले. त्या आकड्यात आजवर फारसा फरक पडलेला नाही.

नमुन्यांशिवायही चांगला प्रबंध होतो. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांचा सगळा साठा २००८ पासून मोफत आहे, युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रे मोफत आहेत, जगभरच्या भूकंपमापकांच्या नोंदी खुल्या संग्रहांत मिळतात. फ्रेड व्हाइनने १९६३ मध्ये सागरतळाच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ ड्रमंड मॅथ्यूजसोबत लावला, तेव्हा तो केंब्रिजमध्ये पीएच.डी. करत होता. मोजणी जहाजांवर झाली होती, अर्थ लावायचा राहिला होता. कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्लीला हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली होती, पण त्याचा लेख नियतकालिकांनी परत पाठवला.

गाइडला पहिला ई-मेल कसा लिहायचा?

लहान. तुम्ही कोण, त्यांचा कोणता लेख वाचला आणि त्यातले काय पटले किंवा खटकले, तुम्हाला काय करता येते, आणि यंदा नवे विद्यार्थी घेणार आहात का. सोबत गुणपत्रिका आणि डेझर्टेशनची दोन पाने. “रिस्पेक्टेड सर” म्हणून एकच मजकूर चाळीस जणांना पाठवला की तो चाळीसही जणांना कळतो.

उत्तर आले आणि बोलणे सुरू झाले की त्यांच्या आत्ताच्या आणि जुन्या विद्यार्थ्यांशी बोलायची परवानगी मागा. त्यांना तीन गोष्टी विचारा: मागच्यांना किती वर्षे लागली, लेखावर पहिले नाव कोणाचे असते, आणि फील्डचा खर्च आधी मिळतो की बिले लावून नंतर. तिसऱ्या प्रश्नाने लोक हसतात, पण विद्यार्थ्याच्या खिशातून आगाऊ जाणारा पैसा ही या शाखेतली जुनी डोकेदुखी आहे.

पैशांचे काय?

पीएच.डी. स्वतःच्या पैशाने करू नका. भारतात नेटमधून मिळणारी जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर फेलोशिप हे मुख्य मार्ग, त्याखेरीज प्रकल्पांतली फेलोशिप. अमेरिकेत शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या सहायकपदावर शुल्क माफ होऊन महिन्याचे मानधन मिळते. नेदरलँड्स आणि स्कँडिनेव्हियात पीएच.डी. करणारा हा सहसा पगारी कर्मचारीच असतो, त्यामुळे तिथे ‘प्रवेश’ नसतो, जाहिरात निघते आणि मुलाखत होते. फील्ड आणि विश्लेषणाचा खर्च मानधनात धरलेला नसतो. तो वेगळा विचारा.

मास्टर्सला चित्र वेगळे आहे, तिथे पदरचे घालावे लागण्याची शक्यता जास्त. युरोपातल्या इरॅस्मुस मुंडुसच्या संयुक्त पदव्यांवर शिष्यवृत्त्या असतात, मात्र चुरस तीव्र असते.

वयाची अट?

पदवीला सहसा नाही. फेलोशिपला असते.

प्रबंध बचावाच्या दिवशी काय होते?

देश तशी रीत. ब्रिटनमध्ये बंद दाराआड दोन परीक्षक, प्रेक्षक नाहीत, काही तास पानापानावर चर्चा. अमेरिकेत आधी सर्वांसाठी व्याख्यान, मग समितीसोबत बंद बैठक. भारतात खुली व्हायवा. नेदरलँड्समध्ये सगळा समारंभ घड्याळावर चालतो: वेळ भरली की विद्यापीठाचा दंडधारी आत येऊन ‘होरा एस्ट’ (लॅटिनमध्ये ‘वेळ झाली’) म्हणतो आणि उत्तर अर्धे राहिले असले तरी थांबायचे.

नोकरीसाठी पदवी पुरते का?

सरकारी भूवैज्ञानिक व्हायचे असेल तर भारतात यूपीएससीची संयुक्त भू-वैज्ञानिक परीक्षा द्यावी लागते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ यांच्या जागा तिच्यातून भरतात आणि तिला पदव्युत्तर पदवी लागते. परदेशात अहवालावर सही करायची तर परवाना हवा. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत त्यासाठी दोन लेखी परीक्षा आहेत, कॅनडात ‘पी.जिओ.’ (व्यावसायिक भूवैज्ञानिक) नोंदणी, ब्रिटनमध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीची सनद.

इथे एक गोष्ट उशिरा कळते आणि मग इलाज नसतो. कॅनडासारख्या ठिकाणी नोंदणी करताना पदवीचे नाव नाही, गुणपत्रिकेतले एकेक विषय तपासतात. रिमोट सेन्सिंग आणि पर्यावरणाचे विषय घेऊन झालेल्या देखण्या एम.एस्सी.त खनिजशास्त्र किंवा संरचना नसेल तर नोंदणी अडते. तिकडे जायचा विचार असेल तर त्यांची विषयांची यादी आत्ताच उतरवून घ्या आणि ऐच्छिक विषय त्यावरून निवडा.

तयारी कधी सुरू करायची?

अमेरिकेतल्या बहुतेक विभागांच्या मुदती डिसेंबर-जानेवारीत संपतात, म्हणजे गाइडना ई-मेल ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये गेलेले हवेत. जॅम आणि गेट फेब्रुवारीच्या आसपास होतात, अर्ज त्याच्या काही महिने आधी. युरोपातल्या पीएच.डी.च्या जागा वर्षभर निघत राहतात.

शिफारसपत्रे सर्वांत आधी. तीन शिक्षकांना निदान महिनाभर आधी विचारा, त्यांतले एक तरी तुम्हाला फील्डवर बघितलेले असावे. गुणपत्रिका, डेझर्टेशन आणि सर्व मुदतींची तारीखवार यादी एकाच ई-मेलमध्ये पाठवा, आणि मुदतीच्या आठवडाभर आधी एकदा आठवण करा.